बंब कोणी पेटवला? थंडीतल्या छोट्या सुखांच्या लेखनाविषयी

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तेवढी तशीच ठेवली आहे.)



पहिल्या रांगेत दोन कानटोप्या दिसतायत, मागे मफलर आहेत, आणि दाराजवळच्या काकू शाल लपेटून बसल्यायत. माझं लहानपण निफाड तालुक्यात गेलं. तिथे थंडीच्या लाटेत पारा सहा-सातवर येतो आणि दुसऱ्या दिवशी गावाचं नाव पेपरात छापून येतं. त्या हिशेबाने ठाण्याची थंडी म्हणजे थंडीची धाकटी मावसबहीण. पण आपल्याला ती पुरते. कपाटातला स्वेटर वर्षातून पंधरा दिवस तरी बाहेर निघावा, एवढीच आपली अपेक्षा असते.

संयोजकांनी या वेळी विषय दिला 'थंडीतली छोटी सुखं'. म्हणाले, सर, जरा हलकं घ्या. मागच्या खेपेला तुम्ही कांट घेतलात आणि मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. (हशा) मी कबूल केलं. पण तत्त्वज्ञान शिकवण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाच्या हातात हलकं काही दिलं, तर तो ते आधी तराजूत घालतो. म्हणून आज मी सुखांची यादी वाचणार नाही. यादी तुम्हाला पाठ आहे: गोधडी, आल्याचा चहा, शेकोटी, डिंकाचे लाडू, हुरडा, भोगीची भाजी, कोवळं ऊन. दिवाळी अंकांपासून संक्रांतीपर्यंत ती छापून येते आणि हल्ली तर रोज सकाळी मोबाइलवरही येते. मला बोलायचं आहे ते या सुखांवर आपण जे लिहितो त्याबद्दल. त्या लिखाणात एक खोट आहे असं मला वाटतं. ती माझ्याही लिखाणात आहे, त्यामुळे मी कुणा दुसऱ्याला झोडपतोय असं समजू नका.

आधी थोडी परंपरा बघू. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'त सहा सर्ग आहेत, त्यांतला चौथा हेमंताचा आणि पाचवा शिशिराचा. शिशिराच्या सर्गात कवी सांगतो, की आता लोकांना काय आवडतं: खिडक्या बंद केलेलं घर, अग्नी, सूर्याचे किरण, जाड वस्त्रं. आणि काय नकोसं होतं: चंदन, चांदणं, गच्ची. उन्हाळ्यात जे हवंहवंसं होतं तेच आता नको. म्हणजे सुख वस्तूत नाही, ऋतूत आहे, हे त्याने केव्हाच सांगून ठेवलंय.

तिकडे जपानात, इसवी सन 1000 च्या आसपास, सेई शोनागोन नावाची राजदरबारातली बाई 'उशाशी ठेवायची वही' लिहिते. सुरुवातीलाच प्रत्येक ऋतूतली कुठली वेळ सुंदर ते सांगते. वसंतात पहाट, ग्रीष्मात रात्र, शरदात संध्याकाळ, आणि हिवाळ्यात भल्या सकाळची वेळ. बर्फ पडलेलं असावं, नाहीतर नुसतं दहिवर. लगबगीने विस्तव पेटवावा आणि निखारे घेऊन माणसं इकडून तिकडे जावीत, हे दृश्य त्या ऋतूला शोभून दिसतं, असं ती म्हणते. दुपारी ऊब वाढली की निखाऱ्यांची पांढरी राख होते, ती मात्र तिला आवडत नाही.

आणखी आठशे वर्षांनी, 1820 साली, इंग्लंडात ली हंट 'थंडीच्या सकाळी उठणे' या विषयावर निबंध लिहितो. अंथरुणातून बाहेर न येण्याची एकाहून एक सरस कारणं तो देतो. मोठा गमतीदार निबंध आहे. पण त्यात एक नोकर येतो. तो विस्तव पेटवायला आलाय. मालक पांघरुणातूनच त्याला विचारतात, बाहेर फार थंडी आहे का रे? तो म्हणतो, फारच आहे. मग मालक त्याला गरम पाणी आणायला पाठवतात.

या शेवटच्या दोन्ही चित्रांत एक माणूस आपल्या आधी उठलेला आहे. शोनागोनकडे निखारे वाहणारे, हंटकडे तो नोकर. ते दोघं लेखक निदान त्या माणसाला चित्रातून पुसत तरी नाहीत. हे लक्षात ठेवा, मी याच्याकडे परत येणार आहे.

आपल्याकडे छोट्या सुखांना साहित्यात मानाची जागा मिळाली ती लघुनिबंधाने. 1926-27 च्या सुमारास ना. सी. फडक्यांनी तो मराठीत रुजवला, पुढे त्यांचा 'गुजगोष्टी' हा संग्रह आला. मग खांडेकर, अनंत काणेकर. काणेकरांचं 'पिकली पाने' 1934 चं. या मंडळींचं ऋण मोठं आहे. त्याआधी आपला निबंध म्हणजे देश, धर्म, समाजसुधारणा. चहाच्या कपावर किंवा जुन्या कोटावर चार पानं लिहायला हरकत नाही, हा परवाना मराठी माणसाला यांनी मिळवून दिला. पण परवान्याबरोबर एक सवयही आली. लघुनिबंधातला 'मी' बहुतेक वेळा एकटा, फुरसतीतला, आरामखुर्चीत बसलेला असतो. त्याच्यापर्यंत गोष्टी येतात. तो त्या कुठून येतात ते पाहत नाही. काही दशकांनी हा प्रकार ओसरला, पण ती सवय काही गेली नाही. ती आजच्या 'गेले ते दिवस' छापाच्या लेखांत जशीच्या तशी आहे.

आता थोडं तत्त्वज्ञान, पाचच मिनिटं. घड्याळ लावा.

थंडीतल्या उबेचं सुख हे तत्त्वज्ञांचं फार जुनं उदाहरण आहे. प्लेटोच्या 'फिलेबस' संवादात ते येतं. शरीर गारठतं ते दुःख, पुन्हा आपल्या मूळ स्थितीला येतं ते सुख. आणि गारठलेला माणूस ऊब घेत असतो तेव्हा ती दोन्ही एकमेकांत मिसळलेली असतात. मेलव्हिलच्या 'मोबी डिक' कादंबरीत (1851) याचं सुंदर रूप आहे. निवेदक म्हणतो, उबेची खरी मजा घ्यायची तर अंगाचा एखादा छोटासा भाग गार राहिला पाहिजे. नाकाचा शेंडा, नाहीतर डोक्याचा माथा. सगळं अंग सारखं उबदार असेल तर सुख कळतच नाही. गोधडीत नाक बाहेर ठेवून झोपलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे.

यावर कुणी म्हणेल, मग हे सुख कसलं? हा तर नुसता दुःखाचा अभाव. डोक्यावरचा भारा उतरला की हमाल म्हणतो, आता मी सुखी झालो. पण त्याला मिळालं काय? ही शंका आपल्या दर्शनांतही फार गंभीरपणे चर्चिली गेली आहे. माझं उत्तर साधं आहे. थंडी वाजायची थांबल्यावरही आपण शेकोटीपाशी बसून राहतोच की! हात शेकून झालेले असतात, तरी कुणी उठत नाही. गप्पा चालू असतात. म्हणजे अभावाच्या पलीकडे तिथे काहीतरी उरतं. आणि दुःख मिसळलेलं आहे म्हणून सुखच टाकून द्यावं का, तर त्यावर चार्वाकांच्या तोंडी घातलेला एक युक्तिवाद चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त आहे. साळीला कोंडा असतो म्हणून शहाणा माणूस तांदूळ फेकून देत नाही. चार्वाकांचं सगळं मला पटत नाही, हे मात्र पटतं.

मधे डेन्मार्कच्या 'हुग्गं'ची लाट आली होती. 2016 च्या आसपास त्यावर पुस्तकंच पुस्तकं निघाली. मेणबत्त्या, लोकरी मोजे, गरम कोको. वाईट काही नाही त्यात. पण कोपनहेगनला डिसेंबरात पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. तिथे मेणबत्ती ही अंधाराविरुद्धची तटबंदी आहे. आपल्याकडे थंडी हाच मुळी दिलासा आहे. घामाच्या महिन्यांनंतर आलेली पाहुणी. चरकसंहितेतही हेमंतात जठराग्नी बळकट असतो असं सांगितलंय. आपले डिंकाचे, मेथीचे लाडू तिथे बरोबर बसतात. युरोपातला माणूस थंडी असूनही आनंद शोधतो. आपण थंडी पडली म्हणून आनंदी होतो. त्यामुळे त्यांच्या पुस्तकांवरून आपल्या सुखांचं वर्णन उचललं की ते अंगाला बसत नाही.

झाली पाच मिनिटं. आता खोटेकडे येतो.

फार वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या वार्षिकात मी 'पहाटेचा बंब' नावाचा लेख लिहिला होता. लोकांना आवडला होता. मुलांना वर्गात वाचून दाखवल्याचं एका सहकाऱ्याने सांगितलं होतं, त्यामुळे माझी कॉलर ताठ होती. या भाषणाची तयारी करताना तो शोधून काढला. त्यातली वाक्यं अशी होती: "पहाटे जाग येई तेव्हा बंब पेटलेला असे. पाणी कढत झालेले असे. न्हाणीतून धुराचा वास येई. चुलीवर चहा उकळत असे आणि कपबशी पुढ्यात येई."

मंडळी, मी हे वाचलं आणि थांबलो. व्याकरणाच्या मास्तरांना शाळेत आपण सांगायचो ना, वाक्यातला कर्ता शोधा. इथे शोधून दाखवा. बंब 'पेटलेला' आहे, पाणी 'झालेले' आहे, कपबशी स्वतःच्या पायांनी 'येते' आहे. साडेतीन पानांच्या लेखात माझी आई कुठेच नाही!

ज्यांनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याचं उभं भांडं, मधोमध आरपार नळी, खाली जाळी. नळीत जळण, भोवती पाणी, बाजूला तोटी. ऐकायला सोपं. पण आदल्या रात्री करवंट्या, ढलप्या, गोवरीचे तुकडे आडोशाला ठेवावे लागत, दव लागलं तर धूर फार. पहाटे आधी कालची राख काढायची. मग विहिरीचं पाणी ओतायचं. मग फुंकणी. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर फुंकायचं. घरात आम्ही नऊ माणसं, आंघोळी संपेपर्यंत दोनदा जळण सारायचं आणि दर वेळी वरून पाणी घालायचं. हे सगळं चार वाजता, निफाडच्या थंडीत, लुगड्यावर एक जुनी शाल गुंडाळून. आई सगळ्यांत शेवटी आंघोळ करायची. तिला पाणी कढत मिळायचं की कोमट, मला माहीत नाही. मी विचारलंच नाही. आता विचारायची सोय नाही.

यातली गोष्ट केवळ माझ्या आईची असती तर इथे काढली नसती. सुचेल तो स्मरणरंजनाचा लेख घ्या आणि क्रियापदं तपासा. लाडू 'वळले जात', गोधडी 'अंगावर येई', शेकोटी 'पेटे'. आता गोधडीचंच बघा. जुनी लुगडी-धोतरं धुऊन, थरांवर थर घालून, दुपारच्या कामातून वेळ काढून तिला धावदोरा घालणारी कुणीतरी बाई असते. लेखात मात्र 'गोधडीची ऊब' असते, आणि फार तर 'आजीच्या मायेची ऊब' असते. माया आली, की सुई गायब होते. कष्टाला माया म्हटलं की त्याचा हिशेब ठेवावा लागत नाही.

गंमत म्हणजे आपली भाषा या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. आपण 'मी थंडी' म्हणत नाही. 'मला थंडी वाजते', 'मला बरं वाटतं', 'मला ऊब मिळाली'. सुख घेणारा 'मला' होऊन बसतो. म्हणजे मराठीच सांगते, बाबा रे, तू इथे घेणारा आहेस. पुढचा प्रश्न फक्त आपण विचारायचा असतो: देणारा कोण?

इथवर माझी मांडणी तयार होती. कर्ता दाखवा, कष्ट दाखवा, टाळ्या घ्या आणि घरी जा. पण गेल्या हिवाळ्यात एक अडचण झाली.

आमच्या सौभाग्यवतींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे पहाटेचा चहा माझ्याकडे आला. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती, आणि आलं किसायची किसणी कुठल्या कप्प्यात असते हे मला तेव्हा कळलं. साडेपाचला उठायचो. खिडकीबाहेर अंधार, खाली डेपोतून पहिल्या गाड्या निघतानाचा आवाज, फरशी पायाला गार. चहा केला की तिला नेऊन द्यायचो. मनातून फार चांगलं वाटायचं. प्रायश्चित्त चाललंय असं वाटायचं.

ती बरी झाली, चालायला लागली, तरी मी पहाटे उठणं सोडलं नाही. तेव्हा एक दिवस मी तिला, या भाषणाच्याच तयारीत, विचारलं, "तुझं थंडीतलं सुख कोणतं?" मला वाटलं ती म्हणेल, आयता चहा. ती म्हणाली, "तुम्ही सगळे उठायच्या आधीचा अर्धा तास. गॅसजवळ उभं राहून पहिला कप एकटीने प्यायचा. कुणी हाक मारत नाही. चाळीस वर्षं तेवढा वेळ माझा होता. आता तुम्ही आधी उठून बसता."

(हशा) हसा, हसा. मीही हसलो. पण रात्री झोप लागली नाही.

बघा काय झालं होतं. आधीच्या लेखात मी कर्त्याला पुसलं होतं. नंतर पश्चात्तापाने त्याला आणलं, पण आणलं ते फक्त सोसणारी म्हणून. तिचंही काही सुख असेल, आणि ते नेमकं त्या कष्टाच्याच वेळेत, चुलीच्या उजेडात असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पुसून टाकणं हा अन्याय, आणि नुसती कीव करणं हा त्याचाच सभ्य अवतार. मग मला आईचं बंबापुढे बसणंही वेगळं दिसायला लागलं. तिथे ती काहीतरी पुटपुटत असायची. मला वाटायचं, स्तोत्र असेल. असेलही. पण ती तिची वेळ होती.

आणि मग आठवलं, की अशा वेळेचं साहित्य आपल्याकडे आहे. अफाट आहे. जात्यावरच्या ओव्या! पहाटे सगळं घर झोपलेलं असताना दळायला बसलेल्या बायकांनी त्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्यांतल्या पुष्कळ 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, पंढरी आहे, सासुरवास आहे, राग आहे, चेष्टाही आहे. दगड ओढण्याचा त्रास आहे आणि गाण्याचा आनंदही आहे, आणि दोन्ही एकाच तोंडून येतात. आमचा लघुनिबंध आरामखुर्चीतून जी सकाळ पाहत होता, त्याच सकाळचं दुसऱ्या बाजूचं हे लेखन. फरक असा, की इथे कर्ता हरवत नाही. कारण लिहिणारी, म्हणजे गाणारी, स्वतःच कर्ता आहे.

तर चांगल्या लिखाणाची कसोटी काय? माझ्यापुरत्या मी दोन ठरवल्या आहेत.

पहिली, वस्तू नेमकी हवी. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' (1956) काढून पाहा. बारा महिने, आणि प्रत्येक महिन्यात झाडं, पाखरं, आभाळ यांना नावानिशी ओळख दिलेली. 'निसर्ग किती सुंदर' असं म्हणून बाई मोकळ्या होत नाहीत. त्यांच्या आनंदामागे पाहण्याचे कष्ट आहेत, आणि ते त्यांचे स्वतःचे आहेत.

दुसरी, कर्ता जिवंत हवा. म्हणजे राबणारा आणि रमणाराही. हुरड्याचं उदाहरण घ्या. पर्यटनाच्या जाहिरातीत हुरडा म्हणजे डिश, चटणी आणि फोटो. नेमकं लिहायचं तर लिहा, की ज्वारीचा दाणा दुधाळ असण्याचे दिवस मोजकेच असतात. गूळभेंडीसारखं हुरड्याचं वाण वेगळं पेरावं लागतं. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव बेताचा राखावा लागतो, जास्त झाला की कणीस करपतं. आणि कणीस गरम असतानाच तळहातावर चोळावं लागतं. चोळणाऱ्याचे तळवे पाहा. पण त्याचं तोंडही पाहा. पहिली मूठ पाहुण्याला देताना तो ज्या ऐटीत असतो, ती ऐट लिहिल्याशिवाय हुरडा पुरा होत नाही. आपल्या शेजारी रायगडात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मडकं उपडं करून भोवती जाळ. मडकं उघडायची नेमकी वेळ सांगणारा एक जाणता त्यात असतो. सगळी मजा त्याच्या शब्दावर थांबलेली असते. तो जाणता मला लेखात दिसला पाहिजे.

आता शेवटचा आणि अवघड प्रश्न. आज पहाटे डेपोबाहेर तीन माणसं पुठ्ठे जाळून शेकत बसली होती. आणि याच महिन्यात उसाच्या फडांच्या कडेला, पाचटाच्या कोपीत ऊसतोडीची कुटुंबं राहतायत. गाळप हंगाम थंडीतच असतो, आणि तोडणीला अंधारात निघावं लागतं. एका बाजूला हे, आणि आपण इथे सुखांवर बोलतोय. हे शोभतं का?

मी बराच विचार केला. माझं उत्तर असं, की आपण आपला चहा ओतून दिल्याने त्या कोपीत ऊब जात नाही. पण आपण 'थंडी म्हणजे सुख' असं सरसकट लिहितो तेव्हा त्या कोपीतली थंडी आपल्या भाषेतून नाहीशी होते, आणि भाषेतून गेलेली गोष्ट धोरणातूनही लवकर जाते. सुख घ्यावं, ते सगळ्यांचं आहे अशी बतावणी करू नये. आणि हेही धरून चालू नये, की त्या पुठ्ठ्याच्या शेकोटीपाशी फक्त दुःखच होतं. मी जवळून गेलो तेव्हा त्यांतला एक जण कुणाची तरी नक्कल करत होता आणि बाकीचे दोघं पोट धरून हसत होते. मी थांबलो, तर त्यांनी सरकून जागा केली. मी चार मिनिटं बसलो. कर्ते ते होते, मी 'मला' होतो.

आपल्या या भागाचं नाव खोपट. शब्दकोशात खोपट म्हणजे लहानशी झोपडी. थंडीपासून माणसाला आडोसा देणारी सगळ्यात छोटी गोष्ट. ती कुणीतरी बांधलेली असते, एवढं लक्षात ठेवून आत बसावं.

घरातली वाटाघाट कशी मिटली, ते सांगून थांबतो. आता सोमवार ते शनिवार मी सहापर्यंत अंथरुणातून हलायचं नाही, जाग आली तरी. रविवारी चहा माझा. आणि तो जुना लेख मी पुन्हा लिहायला घेतलाय. पहिलं वाक्य झालंय: "पहाटे चार वाजता आई बंब पेटवायची." पुढचं सुचत नाहीये, कारण बंब पेटल्यावर ती काय पुटपुटायची ते मला ठाऊक नाही. गावाकडे माझी थोरली बहीण आहे, तिला कदाचित आठवत असेल. उद्या फोन करतो.